आधी झाड, मग पतंग

पावसाळा सरत आला, की माळावरच्या गुडघाभर गवतातून चालताना पायाजवळून काहीतरी पांढुरकं भुर्रकन उठतं, चार-पाच पावलांवर जाऊन एखाद्या काडीवर टेकतं आणि टेकताक्षणी दिसेनासं होतं. बहुतेक जण ते छोटं फुलपाखरू समजून पुढे चालू लागतात. तुम्ही थांबा. ते जिथे बसलं तिथली नजर हलवू नका, आपली सावली त्याच्यावर पडणार नाही अशा बाजूने दोन पावलं पुढे जा आणि खाली वाका. काडीला समांतर, अंगाभोवती पंख लपेटून बसलेला, जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचा एक जीव दिसेल. दुधाळ पांढऱ्या पंखांवर शेंदरी-लाल डाग, आणि त्या डागांच्या मधेमधे काळे ठिपके.

हा पतंग आहे. शास्त्रीय नाव यूटेथीसा पल्चेला. इंग्रजी पुस्तकांत तो ‘क्रिमसन स्पेकल्ड’ म्हणून सापडतो. कार्ल लिनियसने 1758 साली त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. आफ्रिका, दक्षिण युरोप, पश्चिम आणि दक्षिण आशिया एवढा त्याचा मुलूख. दक्षिणेकडून स्थलांतर करत तो कधीमधी इंग्लंडच्या किनाऱ्यापर्यंतही पोचतो, आणि तिथले पतंग-अभ्यासक अशा दुर्मीळ पाहुण्याची आवर्जून नोंद करतात. आपल्याला मात्र त्याच्यासाठी लांब जावं लागत नाही. गायरान, शेताचा बांध, टेकडीचा उतार, कोकणातला सडा, नदीकाठचा गाळ, शहराबाहेर वर्षानुवर्षं पडून असलेले प्लॉट, जिथे त्याची झाडं आहेत तिथे त्याची भेट होऊ शकते.

म्हणून पंखांवरचे ठिपके मोजण्याआधी झाड ओळखायला शिका, हे माझं पहिलं आणि सर्वांत आग्रहाचं सांगणं. या पतंगाचा भडक रंग, त्याच्या अळीचा निर्धास्तपणा, त्याचं जोडीदार निवडणं, त्याच्या अंड्यांचं रक्षण, सगळ्याची मुळं त्या झाडात आहेत. झाड ओळखता आलं, की पतंग शोधत हिंडावं लागत नाही. झाडापाशी शांत बसलं तरी तो भेटतो.

रूप कसं ओळखायचं

पंख पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन ते चार सेंटिमीटर भरतात, पण बसलेला पतंग पंख पसरत नाही. पुढचे पंख मागच्या पंखांना पूर्ण झाकतात आणि शरीराभोवती अर्धवट गुंडाळले जातात, त्यामुळे तो अरुंद, नळीसारखा दिसतो. पुढच्या पंखावर लाल डाग आणि काळे ठिपके आडव्या ओळींत, आलटूनपालटून असतात. डोकं आणि पाठीचा पुढचा भागही फिक्या पिवळसर रंगाचा, त्यावरही काळे ठिपके. मागचे पंख रुपेरी पांढरे, आणि त्यांच्या बाहेरच्या कडेला वेडीवाकडी काळी किनार. ही किनार पाहायची संधी तो उडतो त्या क्षणापुरतीच मिळते, म्हणून उडतानाचा एखादा अस्पष्ट फोटोही फेकून देऊ नका. ओळख पटवायला तोच उपयोगी पडतो.

ठिपक्यांचा आकार आणि दाटी प्रत्येक पतंगात थोडी वेगळी असते. जुन्या, झिजलेल्या पतंगाचा लाल रंग विटकरी किंवा फिकट नारिंगी दिसतो. एका फोटोशी तंतोतंत जुळलं नाही म्हणून ‘हा तो नव्हे’ असं ठरवू नका.

फुलपाखरापासून त्याला वेगळं कसं करायचं? ‘पतंग रात्री उडतात आणि फुलपाखरं दिवसा’ हा नियम इथे चालत नाही, कारण हा दिवसाउजेडीही सहज उडतो आणि रात्री दिव्यावरही येतो. मिशा पाहा. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते. याच्या मिशा शेवटपर्यंत धाग्यासारख्या बारीक असतात.

गवतात त्याच्यासोबत दिसणारे आणि नवख्याला फसवणारे काही जण आहेत. सर्वांत जवळचा गोंधळ अर्जिना ॲस्ट्रियाशी होतो. तोही याच झाडांवर वाढतो आणि तोही ठिपकेवाला आहे, पण त्याच्या पंखांचा मूळ रंगच नारिंगी असतो, आणि त्यावरच्या काळ्या ठिपक्यांभोवती पांढुरकी कडी असते. पांढऱ्या पंखावर लाल डाग असतील तर यूटेथीसा, नारिंगी पंखावर काळे ठिपके असतील तर अर्जिना, एवढं लक्षात ठेवलं तरी माळावर काम भागतं. निक्टेमेरा गटातले पतंग पांढरे-काळे असतात, पण त्यांच्या पंखांवर लाल डाग नसतात. काळ्या पंखांत काचेसारख्या पारदर्शक खिडक्या असलेला आणि पोटावर ठळक पट्टे मिरवणारा अमाटा पाहताच गांधीलमाशीची आठवण होते. त्याच्याशी गल्लत होण्याचं कारण नाही. आणि पावसाळी गवतातून डझनांनी उठणारा, तपकिरी पंखांवर पांढरा आडवा पट्टा असलेला चिमुकला पतंग म्हणजे राजगिरा-माठाच्या पानांवर वाढणारा स्पोलाडिया.

खरी अडचण एकाच ठिकाणी येते. यूटेथीसा लोट्रिक्स नावाचा याचा सख्खा भाऊ भारतात आहे आणि तोही खुळखुळ्याच्या, म्हणजे क्रोटालेरियाच्या, झाडांवर वाढतो. दोघांचे पंख इतके सारखे, की पक्की ओळख हवी असेल तर तज्ज्ञ नराच्या जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. त्यामुळे फोटोवरून नोंद करताना ‘यूटेथीसा’ एवढ्यावर थांबणं हा कमीपणा समजू नका. नेमकेपणाच्या हव्यासापायी चुकीचं पूर्ण नाव लिहिण्यापेक्षा अर्धं पण बरोबर नाव अभ्यासाला जास्त उपयोगाचं असतं.

कोणत्या झाडापाशी बसायचं

पहिलं झाड खुळखुळा. क्रोटालेरिया या प्रजातीतल्या अनेक वनस्पतींना आपल्याकडे खुळखुळा किंवा घागरी म्हणतात. पिवळी, वाटाण्याच्या फुलासारखी फुलं, फुगीर शेंगा, आणि शेंग वाळली की हलवल्यावर आतल्या बिया वाजतात. माळावर आणि रस्त्याकडेला हमखास दिसणारी क्रोटालेरिया रेटूसा ओळखायची तर तिचं पान पाहा: देठाकडे निमुळतं, टोकाकडे रुंद आणि टोकाच्या मधोमध किंचित खाच. काही जातींना एका देठावर तीन पानं असतात, एकीला निळसर-जांभळी फुलं येतात, काही तर इतक्या बुटक्या असतात की गवतात बोटं घालूनच सापडतात. ताग, ज्याला अनेक भागांत बोरू म्हणतात, तोही याच घराण्यातला. अरुंद पानांचा, उंच, मोठ्या पिवळ्या फुलांचा.

दुसरी झाडं वेगळ्याच कुळातली आहेत. ओलसर गाळात, तळ्याच्या कोरड्या होत जाणाऱ्या काठावर, गावातल्या उकिरड्यापाशी भुरुंडी वाढते. तिचा फुलोरा टोकाशी गोल वळलेला असतो आणि वळणाच्या वरच्या अंगाला बारीक फिक्या जांभळ्या फुलांच्या दोन ओळी असतात. छोटा कल्पा कोरड्या माळावर असतो. सगळं अंग खरखरीत केसाळ, पानं थेट खोडाला बिलगलेली, आणि निळसर फुलं जमिनीकडे तोंड करून लोंबणारी.

खुळखुळा शेंगावर्गातला आणि भुरुंडी-कल्पा बोरेज कुळातले. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने त्यांचं जवळचं नातं नाही. मग एकाच पतंगाच्या अळ्या दोन्हींवर का वाढतात? कारण दोन्ही झाडं एकाच प्रकारचं विष तयार करतात. त्याला पायरोलिझिडीन अल्कलॉइड म्हणतात, आणि या पतंगाची सगळी कहाणी त्या रसायनाभोवती फिरते.

अंड्यापासून पतंगापर्यंत

मादी पानांवर बारीक, गोलसर, मोत्याच्या रंगाची अंडी घालते, कधी सुटी तर कधी छोट्या पुंजक्यांत. ती बहुधा पानाच्या खालच्या अंगाला सापडतात, त्यामुळे शोधताना पान हलकेच उलटवून पाहायची सवय लावा. भिंग जवळ असू द्या. आपल्याकडच्या उबदार हवेत साधारण तीन ते पाच दिवसांत अंडी उबतात. उबण्याआधी अंड्याचा रंग गडद होतो आणि आतलं डोकं काळ्या टिंबासारखं जाणवतं.

अगदी लहान अळी पानाचा फक्त हिरवा गर खरवडते, त्यामुळे पानावर पारदर्शक खिडक्या दिसतात. अळीच्या आधी या खिडक्या दिसायला हव्यात. तुमचा डोळा त्यांना सरावला की काम सोपं होतं. मोठी झाल्यावर अळी पानाच्या कडेपासून खाते, फुलं खाते, आणि शेंग मिळाली तर शेंगेला भोक पाडून आत शिरते. शेंगेवर गोल भोक आणि भोकापाशी ओलसर विष्ठेचे कण असतील तर ती शेंग उघडून पाहायला हरकत नाही, मात्र ही खूण अर्जिनाच्या अळीचीही असते.

वाढलेली अळी करड्या किंवा तपकिरी रंगाची, अंगावर केसांचे पुंजके, पाठीच्या मध्यावरून पांढरा पट्टा, दोन्ही बगलांना पांढऱ्या रेघा, आणि शरीराच्या प्रत्येक वळ्यावर नारिंगी आडवी खूण. ती लपत नाही. भर उन्हात फांदीच्या शेंड्यावर, शेंगेवर, सगळ्यांना दिसेल अशी बसते. ज्या अळ्या चिमण्या-बुलबुलांच्या तोंडी सहज जातात, त्या हिरव्या असतात आणि पानामागे दडतात. या अळीचं उघड बसणं हीच तिच्या विषारीपणाची जाहिरात आहे.

दोन ते तीन आठवडे खाऊन झाल्यावर ती खाणं सोडते, झाडावरून उतरते आणि पालापाचोळ्यात किंवा दुमडलेल्या पानात विरळ रेशमाचं अस्तर विणून कोष करते. कोष चकचकीत तपकिरी असतो. त्यातून आठवड्याभरात, थंडी असेल तर त्याहून उशिरा, पतंग बाहेर येतो. सगळं चक्र उबदार दिवसांत साधारण महिना-सव्वा महिन्यात पुरं होतं, त्यामुळे पावसाळ्यापासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत एकामागून एक पिढ्या निघत राहतात. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ पाहायला सर्वांत चांगला: खुळखुळा फुलांत आणि शेंगांत असतो, आणि अंडी, अळ्या, पतंग एकाच झुडपावर एकाच दिवशी दिसू शकतात.

विषाचा वारसा

यूटेथीसाच्या विषाचा सर्वांत सखोल अभ्यास अमेरिकेत झाला. कॉर्नेल विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ थॉमस आयस्नर आणि त्यांचे सहकारी यांनी फ्लोरिडातल्या यूटेथीसा ऑर्नाट्रिक्स या जातीवर वर्षानुवर्षं काम केलं. ही जात आपल्या पतंगाची अमेरिकी बहीण. रंगाने गुलाबी-नारिंगी, पण अळीचं खाद्य तेच, क्रोटालेरिया. तिच्यात जे आढळलं ते वाचल्यावर माळावरच्या आपल्या पतंगाकडे पाहण्याची नजर बदलते, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

आयस्नर यांना दिसलं, की मोठं जाळं विणणाऱ्या सोनेरी कोळ्याच्या जाळ्यात हा पतंग अडकला, तर कोळी धावत येतो, त्याला चाचपतो आणि मग जाळ्याचे धागे एकेक करून कापून त्याला मोकळं करतो. पतंग पडता पडता उडून जातो. हे विषामुळेच होतं का, हे पडताळायला त्यांनी काही अळ्यांना क्रोटालेरिया न देता घेवड्याच्या एका जातीपासून केलेलं, अल्कलॉइड नसलेलं खाद्य घालून वाढवलं. त्या अळ्यांचे पतंग दिसायला अगदी तसेच झाले, पण कोळ्यांनी त्यांना खाऊन टाकलं. म्हणजे पतंग स्वतः विष बनवत नाही. अळी असताना खाल्लेलं विष कोषातून पार होऊन प्रौढ पतंगाच्या अंगात उतरतं.

पुढचा भाग मला जास्त विलक्षण वाटतो. नराच्या शेपटाकडे केसांचे पुंजके असतात. मादीजवळ येताच तो ते बाहेर काढून फुलवतो आणि त्यातून एक गंध सोडतो. तो गंध अल्कलॉइडपासूनच बनलेला असतो, त्यामुळे त्याच्या अंगी किती विष आहे ते मादीला गंधावरून कळतं. मीलनाच्या वेळी नर शुक्रजंतूंबरोबर अल्कलॉइडचा मोठा वाटाही मादीला देतो. शुक्रजंतू आणि अल्कलॉइड असलेली ही पुडी त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त असू शकते. मादी स्वतःच्या साठ्यातलं आणि नराकडून मिळालेलं, दोन्ही विष अंड्यांत घालते. अशा अंड्यांना मुंग्या आणि चित्रांगी भुंगेरे सहसा तोंड लावत नाहीत. बापाने अळीपणी जे खाल्लं, ते लेकरांच्या रक्षणाला येतं.

बियांमध्ये हे विष पानांपेक्षा जास्त असतं. अळी शेंगेत शिरायला का धडपडते, ते यातून कळतं. ज्या अळीला विष कमी पडतं ती आपल्याच जातीची अंडी आणि कोषही खाते, हेही याच अभ्यासात दिसलं. अळ्या पाळणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. तिच्याकडे पुढे येतो.

खुळखुळा आणि भुरुंडी यांच्यावर आणखी एका गटाची गर्दी असते. ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर, कॉमन क्रो ही फुलपाखरं वाळलेल्या पानांवर, जखमी देठांवर, शेंगांवर दाटीवाटीने बसतात आणि सोंडेने रस शोषतात. त्यांना मध नको असतो, हेच अल्कलॉइड हवं असतं, आणि येणाऱ्यांत बहुतेक नर असतात. फुलपाखरांचा असा थवा एखाद्या झुडपावर दिसला तर समजा, की यूटेथीसाच्या अळ्या शोधायची जागा तुम्हाला त्यांनी दाखवून दिली.

याच रसायनाची दुसरी बाजू कळकळीने सांगायला हवी. माणसाच्या आणि गुरांच्या यकृताला ते घातक आहे. 1970च्या दशकात आजच्या छत्तीसगडमधल्या सरगुजा भागात गोंदली नावाच्या बारीक धान्यात क्रोटालेरियाच्या बिया मिसळल्या गेल्या आणि ते धान्य खाल्लेल्या गावकऱ्यांच्या यकृतातल्या रक्तवाहिन्या बंद पडण्याची साथ आली, माणसं दगावली. त्याच दशकात अफगाणिस्तानात गव्हात भुरुंडीच्या जातभाईच्या बिया मिसळून तसाच अनर्थ झाला होता. म्हणून अळ्या शोधताना मुलं सोबत असतील तर शेंगा-बिया तोंडात जाणार नाहीत याकडे लक्ष ठेवा. भुरुंडीचा काढा किंवा रस पोटात घेण्याचे घरगुती उपाय कोणी सुचवले तर ते करू नका.

घरी वाढवून पाहायचं असेल तर

अंड्यापासून पतंगापर्यंतचा प्रवास एकदा डोळ्यांनी पाहिला, की पुस्तकातली चित्रं फिकी वाटतात. शाळेतल्या मुलांसाठी तर हा उत्तम प्रकल्प आहे, कारण चक्र महिन्याभरात संपतं आणि खाद्य फुकट मिळतं. मात्र अभयारण्यातून किंवा राखीव जंगलातून काहीही उचलू नका. तिथे वनविभागाची परवानगी लागते. शेताचा बांध आणि रस्त्याकडेची झुडपं पुरेशी आहेत. दोन-तीन अळ्या आणा, जास्त नको.

रुंद तोंडाची काचेची किंवा प्लॅस्टिकची बरणी घ्या. झाकणाऐवजी मलमलीचा तुकडा रबराने घट्ट बांधा. तळाला टिश्यू पेपर किंवा जुना वर्तमानपत्राचा कागद अंथरा. ज्या जातीच्या झाडावर अळी मिळाली त्याच जातीची डहाळी द्या. खुळखुळ्यावरच्या अळीला भुरुंडी देऊन प्रयोग करू नका, ती उपाशी राहील. डहाळी ताजी राहावी म्हणून तिचा देठ औषधाच्या छोट्या बाटलीतल्या पाण्यात ठेवतात, पण बाटलीच्या तोंडाशी कापसाचा बोळा दाबून बसवायला विसरू नका. अळ्या देठावरून खाली उतरतात आणि उघड्या पाण्यात बुडून मरतात.

विष्ठा आणि ओला कागद रोज काढा. अळ्या मरतात त्या बहुतेक वेळा भुकेने नाही, बुरशीने. बरणीच्या भिंतीवर पाण्याचे थेंब जमत असतील तर कापड सैल करा, ओलावा कमी करा. बरणी थेट उन्हात ठेवू नका. अळी हाताने उचलण्यापेक्षा ती बसली आहे ते पान उचला, किंवा रंगाच्या मऊ ब्रशवर तिला चढू द्या. केसाळ अळ्यांचे केस काहींच्या त्वचेला खाज आणतात, आणि कात टाकत असलेली अळी हात लावल्याने दुखावते. एक-दोन दिवस अळी न खाता निश्चल बसली तर ती मेली असं समजून टाकून देऊ नका. बहुधा ती कात टाकण्याच्या तयारीत असते.

खाद्य कधीही संपू देऊ नका, शक्य असेल तर एखादी हिरवी शेंगही घाला, आणि कोष झाला की तो वेगळ्या बरणीत हलवा. मागे सांगितलं तेच कारण: भुकेल्या अळीच्या लेखी शेजारचा कोष हा विषाचा तयार साठा असतो. कोषाच्या बरणीत वाळकी पानं आणि एक खरबरीत काडी तिरकी टेकवून ठेवा. बाहेर आलेल्या पतंगाला वर चढून पंख लोंबते सोडायला जागा लागते. ती मिळाली नाही तर पंख सुरकुतलेलेच वाळतात. पहिले काही तास त्याला हात लावू नका. पंख कडक झाले की संध्याकाळी, जिथून अळी आणली तिथेच, त्याच झाडापाशी सोडा. प्रौढ पतंगाला पुढे दोन-तीन आठवड्यांचं आयुष्य असतं, आणि तेवढ्यात त्याला जोडीदार शोधायचा असतो.

कधी कोषातून पतंगाऐवजी माशी किंवा बारीक गांधीलमाशी निघते. मुलं हिरमुसतात. त्यांना सांगा, की ही नोंदही मोलाची आहे. परजीवी माशीने अळी लहान असतानाच तिच्यावर किंवा तिच्या अंगात अंडं घातलं होतं. पक्षी आणि कोळी ज्या विषाला घाबरतात ते या माशीने पचवलं. तारीख लिहा, माशीचा फोटो घ्या.

नोंद कशी ठेवायची

वहीत तारीख, वेळ, गावाचं नाव आणि जागेचं वर्णन लिहिणं बहुतेकांना माहीत असतं. त्यात दोन गोष्टी जोडा: पतंग कोणत्या झाडावर बसला होता आणि ते झाड कोणत्या अवस्थेत होतं, म्हणजे कळी, फूल, हिरवी शेंग की वाळकी शेंग. फोटो काढताना पतंगाचा वरून एक, बाजूने एक, आणि झाडाचे पान-फूल-शेंग दिसतील असे वेगळे फोटो घ्या. पतंगाच्या फोटोंचा ढीग असतो आणि झाडाचा एकही नसतो, ही हौशी नोंदींमधली नेहमीची उणीव आहे. आयनॅचरॅलिस्ट किंवा मॉथ्स ऑफ इंडिया यांसारख्या ठिकाणी नोंद देताना झाडाचा फोटो जोडलेला असेल तर तिचं मोल कितीतरी वाढतं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर पतंग सप्ताह पाळतात. 2012 साली अमेरिकेत न्यू जर्सीत तो सुरू झाला आणि आता भारतातही अनेक गट त्यात भाग घेतात. आपल्याकडे ते दिवस मुसळधार पावसाचे. सप्ताहात जरूर भाग घ्या, पण या पतंगासाठी दिवाळीच्या आसपासची कोरडी रात्र राखून ठेवा. माळाच्या कडेला पांढरी चादर ताणून तिच्यासमोर दिवा लावला, की तो येतो. दिवा रात्रभर जळत ठेवू नका, आणि निघण्याआधी चादरीवरचे पतंग हलक्या हाताने गवतात झटका. उजाडल्यावर तिथे राहिले तर पक्ष्यांना आयती पंगत मिळते, आणि चादरीवर आलेल्या सगळ्याच पतंगांच्या अंगी विष नसतं.

तागावर दिसला तर

शेतकरी वाचकांसाठी एवढं वेगळं सांगायला हवं. कृषी पुस्तकांत हाच पतंग ‘तागावरची केसाळ अळी’ म्हणून किडींच्या यादीत येतो. ताग बियाण्यासाठी किंवा धाग्यासाठी घेतला असेल आणि शेंगा पोखरल्या जात असतील, तर तो नुकसानीचा प्रश्न आहे. अळ्या उघड्यावर बसतात, त्यामुळे सुरुवातीला हाताने वेचून नष्ट करणं जमतं, आणि प्रादुर्भाव वाढला तर कृषी सहायकांना प्रत्यक्ष शेत दाखवून सल्ला घ्यावा. पण बहुतेक ठिकाणी ताग हिरवळीच्या खतासाठी पेरतात आणि फुलावर येताच, सहा-सात आठवड्यांत, जमिनीत गाडतात. ज्या पिकाची शेंग धरायचीच नाही, त्याची चार पानं अळीने खाल्ली म्हणून फवारणी करणं हा पैशांचा आणि जमिनीतल्या जिवांचा, दोन्हींचा अपव्यय आहे. ती फवारणी करू नका.

बांधावर एखादा कोपरा खुळखुळ्यासाठी सोडता आला तर आनंदच आहे. फक्त तो गुरं-शेळ्या चरतात त्या वाटेवर नको, आणि धान्य मळण्याच्या खळ्यापासून लांब असू द्या. डिसेंबरमध्ये वाळलेल्या, वाजणाऱ्या शेंगा कागदी पिशवीत जमवा, पिशवीवर ‘विषारी बी’ असं ठळक लिहा आणि ती धान्याच्या डब्यांपासून दूर ठेवा. बियांचं कवच टणक असतं. जूनमध्ये पेरण्याआधी त्या कढत पाण्यात टाका, पाणी निवेपर्यंत नव्हे तर रात्रभर तशाच राहू द्या, आणि सकाळी फुगलेल्या बिया तेवढ्या निवडून बोटाच्या पेराइतक्या खोल टोका.